नो-गो गेज न लावता माल पास करू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या 'वाचकांची पत्रे'मध्ये एका ज्येष्ठ वाचकांचं पत्र आलं होतं. पॉडकास्ट नावाच्या नव्या खुळामुळं पोरं बिघडायला लागलीत, माईक हाताशी आला की जो तो देवाधर्मावर शंका काढायला बसतो, आणि संशय घ्यायची ही सवय मुळात पाश्चात्त्यांची, आपली नव्हे, असा त्यांचा एकूण सूर होता. इथवर मी पेपर घडी घालून ठेवला असता. पण शेवटी त्यांनी लिहिलंय की विज्ञान आणि तत्त्वज्ञान हा अभ्यासू मंडळींचा प्रांत आहे, उद्यमनगरातल्या टर्नर-फिटरांनी त्यात लुडबुड करू नये. आता कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात लेथ चालवणारा आणि वर पॉडकास्टही करणारा माणूस माझ्या माहितीत एकच आहे. त्यामुळं उत्तर देणं आलं.

आधी आमचा पसारा काय आहे ते सांगतो. खाली वर्कशॉप: दोन लेथ, एक ड्रिलिंग मशीन, पंपाचे बुश आणि शाफ्टची कामं. वर माळा. पूर्वी तिथं जुने लाकडी पॅटर्न धूळ खात पडलेले असायचे. आता तिथं एक टेबल, दोन माईक आणि चारी भिंतींना खिळ्यांवर अडकवलेल्या वाकळा आहेत. वाकळा कशाला, तर रिकाम्या खोलीत आवाज घुमतो, जाड कापड तो पिऊन टाकतं. सासूबाईंनी हातानं शिवलेल्या त्या वाकळा भिंतीला टांगल्या म्हणून घरात दोन दिवस माझ्याशी कुणी धड बोललं नाही, ते असो. सोमवारी आमचं वर्कशॉप बंद असतं, तेव्हा रेकॉर्डिंग. वर पत्रा असल्यामुळं पावसाळ्यात मात्र देवाचं नाव. आमची तिघांची टीम. मी, शिवाजी विद्यापीठातून फिजिक्समध्ये एम.एस्सी. केलेली माझी भाची आणि कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवून निवृत्त झालेले एक सर. एडिटिंग भाची करते, ऑडॅसिटी नावाच्या फुकट सॉफ्टवेअरवर. शेजारच्या कंप्रेसरची घरघर ती त्यातून बरीचशी काढते, पण घंटागाडीचं गाणं काही तिला पुरतं काढता येत नाही. ऐकणाऱ्यांना आता त्याची सवय झालीय.

पॉडकास्टचा नाद लागला तो मशीनवरच. लांब शाफ्टवर कट लावला की बराच वेळ नुसतं उभं राहावं लागतं. पूर्वी आकाशवाणी सांगली लावलेलं असायचं. मग रेडिओची जागा मोबाईलनं घेतली. (एकाच कानात इअरफोन घालावा, दुसरा कान मशीनला ठेवावा. टूल चॅटर करायला, म्हणजे थरथरायला लागलं की आधी कानाला कळतं. नव्या पोरांना हे बजावून सांगावं लागतं.) भाचीनं इंग्रजीतली काही पॉडकास्ट लावून दिली. 2005 पासून चालू असलेलं 'द स्केप्टिक्स गाईड टू द युनिव्हर्स', आणि 2007 पासूनचं 'फिलॉसॉफी बाईट्स', ज्यात एक पाहुणा, एक विषय आणि बोलणं थोडक्यात आटोपलेलं. माझं इंग्रजी दहावीपुरतं. निम्मं डोक्यावरून जायचं. पण एक गोष्ट भाषा न कळताही कळत होती. पाहुणा कितीही मोठा असो, तो काही ठाम बोलला की समोरचा माणूस थांबवून विचारायचा, हे तुम्हाला कशावरून कळलं? आणि पाहुण्याला त्याचा राग यायचा नाही. उलट तो खुलायचा.

मग मराठीत काय आहे ते ऐकायला लागलो. चांगलं काम करणारी मंडळी आहेत, नाही असं नाही. पण तीन-तीन तास चालणाऱ्या गप्पांमध्ये एखादे महाराज किंवा 'एनर्जी'वाले डॉक्टर येतात, म्हणतात की हे सगळं आता विज्ञानानंच सिद्ध केलंय, आणि विचारणारा मान डोलावतो. कुठल्या विज्ञानानं? कुणी, कुठं, किती लोकांवर? एकही प्रश्न नाही. लगेच पुढचा विषय. ऐकणारा लाखांत. भाची म्हणाली, "मामा, चिडून काय उपयोग? आपणच करूया की." अशी सुरुवात झाली.

माझ्या धंद्यातली एकच गोष्ट या विषयात मला खरी उपयोगी पडली, ती सांगतो. बोअरचं, म्हणजे जॉबमधल्या भोकाचं माप तपासायला आम्ही प्लग गेज वापरतो. त्याला दोन टोकं असतात, एक गो आणि एक नो-गो. गो टोक भोकात सरळ आत गेलं पाहिजे. नो-गो टोक अडलंच पाहिजे. ते आत गेलं तर बोअर मोठं झालंय, जॉब भंगारात. नवा पोरगा नेहमी फक्त गो लावून माल पुढं सरकवतो, कारण ते टोक जातंच आणि गेलं की मनाला बरं वाटतं. त्याला पहिला धडा हाच की खरी परीक्षा नो-गोची. सरांनी हे ऐकलं आणि म्हणाले, कार्ल पॉपर नावाच्या तत्त्वज्ञानं 1934 मध्ये पुस्तक लिहून हेच मांडलं: जी कल्पना कधी खोटी ठरूच शकत नाही, ती विज्ञानाची कल्पना नव्हे; आपण कुठं अडलो म्हणजे चूक हे तिनं आधी सांगितलं पाहिजे. तेव्हापासून आमच्याकडं कुठलाही दावा आला की आम्ही विचारतो, याचं नो-गो टोक कुठाय?

पत्रलेखकांना माझं हे बोलणं उद्धटपणाचं वाटेल. म्हणून आमच्या ज्या भागावर त्यांचा बहुधा सगळ्यात जास्त राग आहे, त्याचंच सांगतो. तो भाग अंबाबाईच्या किरणोत्सवावर होता.

कोल्हापूरकराला किरणोत्सव सांगायची गरज नाही. 9, 10 आणि 11 नोव्हेंबर, आणि पुन्हा 31 जानेवारी, 1 आणि 2 फेब्रुवारी. मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात, गरुड मंडप, गणपती चौक, कासव चौक ओलांडत पितळी उंबऱ्यावरून गाभाऱ्यात पोचतात आणि देवीच्या चरणांपासून वर चढतात. गर्दी इतकी की मान वळवायला जागा नसते. आम्ही भागात एवढंच विचारलं की तारखा अशा जोडीनं का येतात? वर्षात दोनदाच का, आणि याच दोन वेळी का?

भाचीनं वहीत आकृती काढली आणि मला ती शब्दांत सांगायला लावली, कारण ऐकणाऱ्याला आकृती दिसत नाही. (पॉडकास्टची ही शिक्षा आहे, आणि तोच फायदाही. जे आपल्याला नीट कळलेलं नाही ते हात हलवून सांगता येत नाही.) सूर्य नेमका पश्चिमेला मावळतो तो फक्त मार्च आणि सप्टेंबरमधल्या विषुवदिनांच्या, म्हणजे दिवस-रात्र सारखी असतात त्या दिवसांच्या सुमारास. सप्टेंबरनंतर मावळायची जागा रोज थोडी डावीकडं, म्हणजे दक्षिणेकडं सरकते. 21-22 डिसेंबरला ती जास्तीत जास्त दक्षिणेला जाऊन थबकते आणि परत फिरते. म्हणजे वाटेतल्या प्रत्येक जागेवरून सूर्य दोनदा जातो, एकदा जाताना आणि एकदा येताना. 10 नोव्हेंबर ते 21 डिसेंबर मोजा: 41 दिवस. 21 डिसेंबर ते 31 जानेवारी मोजा: 41 दिवस. दोन्ही वेळी कोल्हापुरात सूर्य नेमक्या पश्चिमेपासून सुमारे 18 अंश दक्षिणेला मावळतो. देवळाचा दरवाजा ते मूर्ती ही रेघ त्या बाजूला रोखलेली आहे, म्हणून जाताना एकदा आणि येताना एकदा किरणं आत. त्या दिवसांत मावळतीची जागा रोज पाव अंशाहून थोडी जास्त सरकते, आणि सूर्याचं बिंब अर्ध्या अंशाचं. म्हणून चार-दोन दिवसांतच खेळ आटोपतो.

किरणं पायाकडून वर का चढतात? सूर्य जसा खाली जातो तसं ऊन आडवं होत जातं, आधी फरशीवर पडतं, मग आत आत सरकतं, मग मूर्तीवर चढतं. आणि मुखापर्यंत पोचायच्या वेळी सूर्य अगदी क्षितिजाशी आलेला असतो, म्हणजे त्याच्या उन्हाला हवेच्या सगळ्यात जाड थरातून यावं लागतं. त्यामुळंच त्या शेवटच्या काही मिनिटांत ढग, धुरळा आणि हवेतला दमटपणा घात करतो. वाटेतल्या इमारती आणि त्यांच्या वरच्या टाक्या हा वेगळा विषय, त्यावर आपल्याच दैनिकात दरवर्षी रकाने भरून येतं. महाद्वारात फुलं विकणारे एक काका आमच्या भागात बोलले. आज किरणं कमरेच्या वर जाणार की नाही हे ते दुपारीच आकाशाचा रंग बघून सांगतात. त्यांच्याइतकं बारीक निरीक्षण आमच्या तिघांत कुणाचंच नाही.

याच भागात सरांनी एक वाक्य मुद्दाम दोनदा घातलं. किरणं येतात हे डोळ्यांना दिसतं. कशी येतात हे भूमिती सांगते. पण बांधणाऱ्यांनी पहिल्या दिवसापासून हे योजून केलं होतं, हा तिसरा दावा आहे आणि त्याला त्याचा वेगळा पुरावा लागेल, शिलालेखाचा किंवा बांधकामाचा. पहिल्या दोन गोष्टी खऱ्या म्हणून तिसरी आपोआप खरी होत नाही. त्यावर फोन आले की तुम्ही श्रद्धेची चिरफाड केली. मी विचारलं, भागातलं नेमकं कुठलं वाक्य खोटं आहे? एकाही फोनवर वाक्य मिळालं नाही. मी स्वतः नवरात्रात पालखीला जातो. आमची भाची जात नाही. त्यावरून माळ्यावर आमची भांडणं झालेली नाहीत.

आता संशय पाश्चात्त्यांचा, या मुद्द्याकडं येतो. इथं सर मला बोलूच देत नाहीत, सगळं तेच सांगतात, म्हणून त्यांचंच सांगतो. न्यायसूत्रं म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्राचा मूळ ग्रंथ. त्याच्या पहिल्याच सूत्रात सोळा पदार्थांची, म्हणजे अभ्यासायच्या विषयांची यादी आहे. प्रमाण, म्हणजे कळण्याचं साधन, पहिलं; प्रमेय, म्हणजे कळून घ्यायची गोष्ट, दुसरं; आणि तिसरा मान कुणाचा? संशयाचा. त्यावरच्या भाष्यात वात्स्यायन म्हणतात की जी गोष्ट मुळीच माहीत नाही तिच्याबद्दल न्याय, म्हणजे तर्कानं तपासणं, चालत नाही, जी ठरून गेलीय तिच्याबद्दलही चालत नाही. शंका आली की तिथं न्याय चालतो. म्हणजे शंका हे तर्काचं उंबरठ्यातलं पाऊल, असं आपल्याच जुन्या पंडितांनी मानलं. हे सगळं लंडनहून बोटीनं आलं नाही.

सरांचा एक भाग मला जन्मभर पुरेल. अनुमानाचं ठरलेलं उदाहरण आपल्याकडं सगळ्यांना माहीत आहे: डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथं आग आहे, जसं स्वयंपाकघरात. सर एका दिवशी लवकर आले होते आणि शेजारच्या फोर्जिंगच्या शेडमध्ये उभे राहून बघत होते. तिथल्या पोरानं भट्टीतून लोखंडाचा लालबुंद गोळा चिमट्यात धरून बाहेर काढला आणि सर एकदम ओरडले, "अरे, हा अयोगोलक!" पोरगं घाबरलं, त्याला वाटलं काहीतरी चुकलं. अयोगोलक म्हणजे तापलेला लोखंडाचा गोळा. नैयायिकांनी, म्हणजे या न्यायशास्त्राच्या पंडितांनी, शेकडो वर्षांपूर्वी हेच उदाहरण घेऊन दाखवलं की धूर आहे तिथं आग आहे हे बरोबर, पण आग आहे तिथं धूर आहे हे चूक. बघा, गोळ्यात आग आहे, धूर कुठाय? धूर यायला नुसती आग पुरत नाही, ओलं जळण लागतं. या लपलेल्या अटीला ते उपाधी म्हणतात. ज्या माणसानं गुऱ्हाळावर चुलाण घातलंय त्याला हे वेगळं सांगावं लागत नाही. चिपाडं वाळलेली नसली की डोळे चोळत बसावं लागतं.

पुढं सरांनी चार्वाकांची, म्हणजे डोळ्यांना दिसतं तेवढंच मानणाऱ्या जुन्या पंथाची, हरकत मांडली. तुम्ही जितकी स्वयंपाकघरं पाहिली तितक्यांत धुराबरोबर आग होती, मान्य. पण जी पाहिली नाहीत, जी होऊन गेली, जी अजून व्हायची आहेत, त्यांची हमी कुठून आणली? अठराव्या शतकात स्कॉटलंडच्या डेव्हिड ह्यूमनं जवळजवळ हाच प्रश्न विचारून युरोपातल्या तत्त्वज्ञांची झोप उडवली. आणि जयराशी भट्ट नावाचा आपला एक पंडित तर त्याच्याही आधी कित्येक शतकं यापुढं गेला होता. त्यानं प्रत्यक्ष, अनुमान, शब्द, सगळ्या प्रमाणांनाच आव्हान दिलं. त्याच्या 'तत्त्वोपप्लवसिंह' या ग्रंथाची ताडपत्रावरची पोथी गुजरातेत पाटणच्या जैन ग्रंथभांडारात सापडली आणि 1940 मध्ये बडोद्याहून ती छापली गेली. एका जैन भांडारानं कसलंच प्रमाण न मानणाऱ्या माणसाची पोथी शतकानुशतकं जपून ठेवली, ही गोष्ट मला फार मोठी वाटते. जे पटत नाही ते जाळून टाकायचं नाही, नीट बांधून ठेवायचं. हा भाग ऐकून आमच्याकडचा एक मिस्त्री म्हणाला, "मग मामा, ह्या जयराशीला पगार कोण देत हुतं?" त्याचं उत्तर सरांकडंही नव्हतं.

संशय म्हणजे नुसतं तोंडानं 'हॅट' म्हणणं नव्हे, कष्ट करून तपासणं, याचा सगळ्यात सुंदर नमुना कोल्हापूरशी नातं असलेल्या माणसानं दाखवलाय. जयंत नारळीकर 19 जुलै 1938 ला कोल्हापुरात जन्मले. 20 मे 2025 ला पुण्यात गेले. फलज्योतिषाबद्दल त्यांना जे वाटायचं ते त्यांनी लेख लिहून सांगितलं असतं तरी चाललं असतं. पण त्यांनी चाचणी घेतली. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते आणि पुणे विद्यापीठातले संख्याशास्त्रज्ञ बरोबर घेतले. शंभर हुशार मुलांच्या आणि शंभर मतिमंद मुलांच्या जन्मवेळांवरून कुंडल्या तयार केल्या. सरमिसळ करून प्रत्येक ज्योतिषाकडं चाळीस पाठवल्या आणि विचारलं, यातली कुठली कुंडली कुठल्या गटातली? सत्तावीस जणांनी उत्तरं पाठवली. त्यांची सरासरी 46 टक्के आली. नाणं उडवून उत्तर दिलं असतं तरी पन्नासाच्या आसपास आली असती. 2009 मध्ये 'करंट सायन्स'मध्ये हे छापून आलं.

आमच्या भागात आम्ही निकाल शेवटी सांगितला. त्याआधी बराच वेळ फक्त चाचणी कशी रचली तेच सांगत होतो. दोनच गट का? जन्मवेळ कुणी नोंदवली? कुंडली कुणाची हे तपासणाऱ्याला आधी माहीत असेल तर काय होईल? किती बरोबर आली म्हणजे ज्योतिषाला पास म्हणायचं, हे आधी का ठरवायचं? कारण माझं म्हणणं असं की निकाल पेपरात एका ओळीत वाचून माणूस विसरतो, किंवा आपल्या मनात आहे तेच धरून बसतो. पण ही चाचणी कशी रचायची याचा विचार त्यानं अर्धा तास दुसऱ्याच्या बरोबरीनं, भांडी घासताना किंवा शेताला पाणी पाजताना कानानं केला, तर पुढच्या वेळी कुणी औषध विकायला आला की त्याच्या तोंडून प्रश्न आपोआप येतो. छापील लेख आणि पॉडकास्टमध्ये मला दिसणारा फरक हाच आहे, संपादकसाहेब. बोलता बोलता अडखळणारा, थांबून 'एक मिनिट, पुन्हा सांगा' म्हणणारा माणूस ऐकू येतो. विचार चालू असतानाचा आवाज कसा असतो, हे कळतं.

21 सप्टेंबर 1995 आपल्याला आठवत असेल. गणपती दूध प्यायले तो दिवस. आमच्या गल्लीत सकाळपासून रांग, दुधाचा भाव दुपारपर्यंत दुप्पट. शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळून दाखवलं की ते मूर्तीच्या अंगावरून पातळ थरानं खाली उतरतं. काठोकाठ भरलेला चमचा दगडाला टेकवला की पृष्ठताणामुळं दूध ओढलं जातं आणि पांढऱ्या संगमरवरावर पांढरं दिसत नाही. आम्ही त्या भागात मध्येच सांगितलं, आता हे थांबवा, चमचा आणि एक स्टीलचा पेला घ्या, करून बघा, मग पुढचं ऐका. गडहिंग्लजहून एका शाळकरी मुलीचा व्हॉइस मेसेज आला. तिनं दूध, पाणी, तेल आणि काकवी चारही करून बघितलं होतं. काकवी कशी रेंगाळते हे तिनं इतकं झकास सांगितलं की तो मेसेज आम्ही पुढच्या भागात जसाच्या तसा लावला.

विवेकवाद्यांबद्दलही थोडं बोललं पाहिजे, नाहीतर हे पत्र एकतर्फी होईल. सोळा पदार्थांच्या त्याच यादीत पुढं वाद, जल्प आणि वितंडा आहेत. खरं काय ते शोधायला बोलतात तो वाद. जिंकायला बोलतात तो जल्प. स्वतःचं काहीच न मांडता समोरच्याचं नुसतं पाडतात ती वितंडा. आमच्या बाजूची काही पॉडकास्ट सरळ वितंडा आहेत. एखाद्या म्हातारीच्या गळ्यातल्या ताईतावर दोन शहरी पोरं खो-खो हसतात आणि त्याला वैज्ञानिक दृष्टिकोन म्हणतात. तो ताईत तिनं कुठल्या रात्री, कुणाच्या उशाशी बसून बांधून घेतला हे विचारायला नको? आमच्याकडं एक नियम आहे: ज्याचा दावा तपासायचा, त्याची बाजू आधी अशी मांडायची की त्यानं ऐकली तर म्हणावं, हो, हेच माझं म्हणणं. पूर्वपक्ष आधी, उत्तरपक्ष मग. यात वेळ फार जातो. भाग लांबतो, ऐकणारे गळतात. चळवळीतले मित्र म्हणतात, तुम्ही फार मऊ आहात. असू.

पैशाचं विचाराल तर नाहीत. एकदा गुळाचा एक व्यापारी जाहिरात द्यायला तयार झाला होता, चांगली रक्कम होती. त्याचं म्हणणं, आमचा सेंद्रिय गूळ मधुमेहवाल्यांना चालतो, एवढं एक वाक्य भाचीनं बोलावं. कोल्हापुरी गूळ मला जीव की प्राण, गुऱ्हाळावर गरम गुळाला भुईमुगाच्या शेंगा लावून खाल्ल्यात तो स्वर्ग. पण गूळ कितीही चांगला झाला तरी त्यातला मोठा भाग साखरच आहे आणि रक्तातली साखर तो वाढवणारच. जाहिरात गेली. त्या महिन्याचं माईकचं स्टँड माझ्या भंगारातल्या पाइपातून बनवलं.

आणखी एक गोष्ट पत्रलेखकांनी लिहिताना ध्यानात घेतली असती तर बरं झालं असतं. हे कोल्हापूर आहे. राजर्षी शाहूंचं, सत्यशोधकांचं म्हणून आपण छाती फुगवतो ते ठीकच. पण याच गावात 16 फेब्रुवारी 2015 च्या सकाळी फिरून घरी येणाऱ्या गोविंद पानसरे आणि त्यांच्या पत्नी उमाताईंवर गोळ्या झाडल्या गेल्या, आणि चार दिवसांनी पानसरे गेले. त्याआधी 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात नरेंद्र दाभोलकर. आमचा पहिला भाग निघायच्या आदल्या रात्री माझ्या बहिणीनं, म्हणजे भाचीच्या आईनं, फोन करून सांगितलं की पोरीचं आडनाव कुठं येऊ देऊ नका. मी तिला हसण्यावारी नेऊ शकलो नाही. भागात आम्ही आजही फक्त मामा, भाची आणि सर असतो. राज्यघटनेच्या 51-क अनुच्छेदात वैज्ञानिक दृष्टिकोन आणि शोधक बुद्धी वाढवणं हे प्रत्येक नागरिकाचं मूलभूत कर्तव्य म्हणून 1976 च्या दुरुस्तीनं लिहून ठेवलंय. प्रत्येक नागरिकाचं. त्यात टर्नर-फिटर वगळून असं कुठं म्हटलेलं नाही.

आता आपल्याकडं मागणं. आपल्या दैनिकानंही अलीकडं ऑडिओ सुरू केलाय, मी रोज ऐकतो. सकाळच्या बातम्या चांगल्या असतात. त्यानंतर रोजचं राशिभविष्य असतं, तेही असू द्या, आमच्या घरात ते ऐकल्याशिवाय चहा होत नाही. पण रविवारच्या आरोग्याच्या भागात मागच्या महिन्यात एक पाहुणे तांब्याच्या भांड्यातल्या पाण्यानं कुठकुठले आजार बरे होतात ते सांगत होते आणि आपल्या निवेदिका फक्त 'अरे वा' म्हणत होत्या. माझी विनंती एवढीच की प्रत्येक पाहुण्याला एकदा तरी विचारा, हे कशावरून म्हणता, आणि काय दिसलं तर तुम्ही मत बदलाल? पाहुणा जाणकार असेल तर त्याला आनंदच होईल. जमलं तर महिन्यातून एखादा भाग नुसता तपासण्यावर ठेवा. ऑगस्टमध्ये पंचगंगेला पाणी आलं की राधानगरी धरणाचे दरवाजे उघडल्याचे मेसेज सुटतात. दरवाजे स्वयंचलित आहेत, पाणी ठरावीक पातळीला आलं की ते आपले आपण उघडतात, आणि एका दरवाजातून 1428 क्युसेक पाणी सुटतं. सातही उघडले तरी किती होतात याचा हिशेब पाचवीतलं पोरगं करेल. तो हिशेब शांत आवाजात कुणीतरी करून दाखवला तर रात्री अकराला घाबरून सामान बांधणाऱ्या माणसाला आधार होईल. त्यासाठी शास्त्रज्ञ बोलवायची गरज नाही.

राहता राहिले पत्रलेखक. त्यांना माझं निमंत्रण आहे. येत्या कुठल्याही सोमवारी माळ्यावर यावं. संशयानं पोरं बिघडतात हे त्यांचं म्हणणं त्यांनी पुरं मांडावं, आम्ही मध्ये बोलणार नाही, आणि त्यातलं एक वाक्यही भाची कापणार नाही, हा शब्द. त्यानंतर सर त्यांना प्रश्न विचारतील आणि ते सरांना. जिना जरा उभा आहे, वयाचा विचार करून खाली वर्कशॉपमध्येही टेबल मांडता येईल. चहा समोरच्या टपरीवरचा असतो, साखर कमी हवी असेल तर आधी सांगावं.

पत्र लांबलंय. कापायचं झालं तर गुळाचं कापा, किरणोत्सवाचं कापू नका.

आपला,
उद्यमनगरातला एक टर्नर
(नाव-पत्ता आपल्या कार्यालयासाठी सोबत जोडला आहे, छापू नये.)
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर